भाजलेल्या व्रणावर टॅटू काढू काय? बेळगाव भागात कुणी काढलाय?

साडीवाली_नंदगड

नमस्कार मंडळी. वय २७, गाव नंदगड. रोज बसनं बेळगावला येते, शहापुरात साडीच्या दुकानात कामाला आहे. चौथीत असताना काकाच्या गुऱ्हाळावर कढई उतरवताना काकवी उसळली आणि डाव्या हातावर आली. मनगटाच्या वरपासून कोपराजवळपर्यंत व्रण आहे. आता दुखत नाही, फुगलेला नाही. कातडी चकचकीत, मध्ये पांढरट, कडेनं काळपट. कोपराकडं व्रणाच्याच कातडीच्या दोन शिरा ओढल्यासारख्या वर आल्यात.

आमचं काम असं की दिवसभर हातच गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर. पदर पसरून दाखवला की नजर साडीवरनं घसरून हातावर. मग "भाजलं काय गं?" नाहीतर कानडीत "एनायितु?", काय झालं म्हणून. वाईट मनानं कोण विचारत नाही, पण दिवसातनं तेच किती वेळा सांगू? लग्नसराईत एप्रिल-मे महिन्यात मनगटापर्यंत बाही घालून घाम पुसत उभी असते. मैत्रिणींना सांगते की मला लपवायचं नाही, सजवायचंय. खरं म्हणजे थोडं लपवायचंही आहे.

डोक्यात डिझाइन ठरलंय: इरकली साडीच्या काठावरची गोमी, ती एकसारखी नक्षी, मनगटापासून वर सरळ. असल्या जुन्या व्रणावर शाई धरते काय? जास्त दुखतं काय? दुकान चांगलं हे कसं ओळखायचं? आईचं म्हणणं, "एकदा जळलेल्या हातावर परत सुया कशाला?" मला तशी सुईची धास्ती आहेच. कानाला वरचं दुसरं भोक पाडलं होतं तिथं गाठ आलीय, ती अजून तशीच आहे.

शाईवाला_टिळकवाडी

ताई, मी टॅटूच काढतो, तेव्हा माझं बोलणं धंद्याचं वाटलं तर वाटू दे. तुमचा व्रण जुना आहे, सपाट आहे, ही चांगली बाजू. ताज्या व्रणाला मी हात लावत नाही. निदान वर्ष जावं लागतं, खोल भाजलं असेल तर दीड वर्षही. लाली पूर्ण गेली पाहिजे, कातडी मऊ पडली पाहिजे.

शाई कातडीच्या दुसऱ्या थरात बसते, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल. साध्या कातडीत हाताला अंदाज असतो. भाजलेल्या जागी तो अंदाज चालत नाही. इथं पातळ, बोटभर पुढं निबर. पातळ जागी सुई जरा खोल गेली की शाई आत फाकते आणि कडेला निळसर धुरकट डाग येतो. निबर जागी शाई बसतच नाही, खपलीबरोबर निघून जाते. म्हणून व्रणावर एका बैठकीत काम उरकतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका. हळू काम, मध्ये महिना-दीड महिना थांबा, मग राहिलेलं भरायचं. टच-अपचे पैसे वेगळे घेणार काय हे आधीच बोलून घ्या.

दुखण्याचं सांगायचं तर एकाच व्रणावर काही जागा बधिर असते आणि तिच्याच शेजारी जीव जातो. बधिर करायचं मलम घरनं थापून, वर प्लास्टिक गुंडाळून येतात काही जण. तसं करू नका. जास्त लावलं तर ते औषध अंगात भिनतं.

आता गोमी. साडीवर ती देखणी दिसते ती एकसारखी आहे म्हणून. सरळ रेघ, ठरलेलं अंतर. तुमच्या हातावर त्यातली एक रेघ फाकली की अख्खा काठ वाकडा दिसणार, आणि लोक आधी बघायचे त्याच्या दुप्पट बघणार. वेल घ्या, पानं घ्या, पीस घ्या, ज्यात थोडं इकडंतिकडं झालं तरी खपतं. त्या दोन शिरा आहेत ना, त्यांनाच वेलीचे देठ करता येतात. पांढरट भाग कातडीच्या रंगाच्या शाईनं मिटवून देतो म्हणणारे भेटतील. ती शाई काही वर्षांत पिवळट पडते. सगळंच काळं भरून टाकणं तर मला मुळीच पटत नाही. आणि शाईनं उंचवटा जात नाही. तिरप्या उजेडात शिरा दिसणार, हात फिरवला की लागणार. फरक एवढाच पडतो की नजर आधी चित्रावर जाते.

पण ताई, कानाची गाठ तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि माझं वाचणं तिथंच थांबलं. ती भोकापेक्षा मोठी आहे काय? अजून वाढतेय काय? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी तुमच्या हातावर ठिपकाही काढणार नाही. दुसऱ्या कुणी "त्यानं काय होतंय" म्हटलं तर त्या दुकानातनं उठा.

सिस्टर_निपाणी

वरच्यांनी नेमकं धरलं. ती गाठ केलॉइड असू शकते. साधा फुगलेला व्रण जखमेच्या हद्दीत राहतो. केलॉइड हद्द सोडून शेजारच्या चांगल्या कातडीवर चढतो, खाजतो, आणि नुसता कापून टाकला तर बऱ्याचदा पहिल्यापेक्षा मोठा होऊन येतो. कान, छाती, खांदा या त्याच्या आवडत्या जागा. दंडावर बीसीजीची खूण असेल तर तीही बघ गं, फुगलीय काय. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत हे गोऱ्यांपेक्षा जास्त होतं. भाजलेली जागा सपाट राहिली हे चांगलं लक्षण आहे, पण तू तेव्हा लहान होतीस आणि कानाचं भोक नंतरचं. ही खोड वयात आल्यावर वर येऊ शकते. आधी त्वचेच्या डॉक्टरला कान आणि हात दोन्ही दाखव. गाठीवर इंजेक्शनं असतात.

त्यांना आणखी दोन गोष्टी सांग. सोरायसिस किंवा कोड असेल तर सुई लागलेल्या जागीच नवीन डाग उठू शकतो. आणि मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्या बंद केल्या असतील तर तेही बोल. शुगर असली तर ती आधी आटोक्यात.

दुकानात गेलीस की भिंतीवरचे फोटो बघत बसू नकोस, हात बघ. सुईचं पाकीट तुझ्यासमोर फुटतंय काय? शाई बाटलीतनं छोट्या टोपीत ओतून घेतात आणि उरलेली टाकून देतात, की परत बाटलीत? शाई पातळ करायला नळाचं पाणी वापरत असतील तर तिथूनच परत फिर, त्यातनं कातडीचे महिनोन्महिने न हटणारे संसर्ग होतात. निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवलं म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही. परत वापरायच्या वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या यंत्रात, १२१ अंशांवर, दाबाखाली जायला पाहिजेत. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसशील तर घे: पहिला डोस, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, हेही लक्षात असू दे.

यळ्ळूरची_काकू

आमच्या सासूबाईंच्या हातावर तुळस होती, कपाळावर टिकली. सौंदत्तीच्या जत्रेत गोंदून घेतलेली. त्यावेळी कोण विचारत होतं सुई कुणाची? आताही जत्रेत मशीन घेऊन बसतात, एकाचा हात झाला की फडक्यानं पुसून त्याच सुईनं दुसऱ्याचा. ती सिस्टर सांगते ते ऐक बाई, स्वस्तात मिळतंय म्हणून तिथं बसू नकोस.

दुसरं, पावसात काढू नकोस. तुमच्या खानापूरकडं पाऊस म्हणजे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, आणि घरची रोपलावण असेल तर चिखलात हात घालुचा लागतोच. दिवाळी होऊन जाऊ दे. आणि आईला घेऊन जा की दुकानात! डोळ्यानं बघितलं की निम्मी भीती जाते.

भरती_चंदगड

विषय थोडा वेगळा. माझ्या पण दंडावर खरचटलेला मोठा वण आहे, त्यावर वाघ काढावा म्हणतोय. पुढं बेळगावला मराठा सेंटरच्या सैन्यभरतीला उतरायचंय. चालतंय काय?

शाईवाला_टिळकवाडी

भावा, आधी भरती, मग वाघ. सैन्यात कायमचा टॅटू कोपर ते मनगट आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागं एवढाच चालतो, दंडावर नाही. आदिवासी समाजाच्या परंपरेचा अपवाद आहे, तो तुला लागू नाही. नुसता साधा वण असला म्हणून सहसा कोण बाद करत नाही. असली पोरं माझ्याकडं येतात आणि मी त्यांना परत पाठवतो.

साडीवाली_नंदगड

सगळ्यांचे आभार. डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. कानाची गाठ केलॉइडच निघाली, तिच्यात इंजेक्शन सुरू केलंय. (ते मात्र चांगलंच दुखतं, कुणी सांगितलं नव्हतं!) बीसीजीची खूण साधी आहे. हाताबद्दल त्या म्हणाल्या, व्रण जुना होऊन पूर्ण मुरलेला आहे, पण अंगात खोड आहे म्हणजे खात्री कुणीच देणार नाही. काढायचाच असेल तर व्रणावर एका कोपऱ्यात दोन-तीन ठिपके काढून निदान तीन महिने थांब, फुगला किंवा खाजला तर विषय बंद. "नाही काढलास तरी चालेल असं स्वतःला एकदा विचारून बघ," असंही म्हणाल्या. विचारलं. तरी काढायचाच आहे.

तोवर एक केलंय. मेंदीनं वेल काढून घेतली हातावर, त्या दोन शिरांवरनं, साधी हिरवी मेंदी, काळी नाही. दुकानात एका बाईनं "मेंदी छान आहे" म्हटलं आणि पुढची साडी मागितली. गोमी सोडली. आई म्हणते पानं जरा मोठी हवी होती.

शाईवाला_टिळकवाडी

काळी मेंदी टाळलीत ते बरं केलंत, तिच्यातल्या केसांच्या डायनं फोड येऊन नवेच व्रण पडतात. आईचं बरोबर आहे. बारीक पानांत व्रणाच्या कडा दिसत राहतात, मोठ्या पानांत मिसळतात.

ठिपके कोपराकडच्या बाजूला काढू, तिथली कातडी सगळ्यात निबर दिसतेय. तिथं नीट बसले तर बाकी हाताची काळजी कमी. नंतर हळद, खोबरेल काही लावू नका, साधा साबण आणि कोमट पाणी, वरनं सांगेन ते मलम पातळ. खपली निघेपर्यंत मलप्रभेत डुबकी नको, आणि काउंटरवर सुती सैल बाही घाला, नव्या साडीची खळ लागू देऊ नका. बरं झाल्यावर उन्हात जाताना सनस्क्रीन, नाहीतर कडेचा काळपटपणा वाढतो.

येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणा आणि पोटभर जेवून या. रविवारी नको, गर्दी असते. मंगळवारी दुपारी या, आईंना बसायला खुर्ची आहे.