मदत हवी आहे: एज ऑफ एम्पायर्स ४ घेऊ की जुनाच बरा?

मंडळी, टिळकवाडीतला आमचा ग्रुप अजून १९९९ चा एज ऑफ एम्पायर्स २ हा राज्य उभारून लढायचा कॉम्प्युटर गेम खेळतो. आधी लाकूड की धान्य, घोडदळ दिसलं की लगेच भालेवाले काढायचे. इतक्या साध्या नियमांत केवढी खोली आहे! खानापूरच्या मित्राकडे २०२१ चा चौथा भाग पाहिला. त्यात दिल्ली सल्तनत घेऊन खेळलं की संशोधन (म्हणजे सुधारणा मिळवणं) फुकट पण हळू, ही कल्पना फार आवडली. गर्दीत सैनिक मात्र पटकन ओळखू येत नाहीत.

दोन्ही भरपूर खेळलेलं बेळगाव-निपाणीकडचं कुणी आहे का? वर्षभर खेळूनही चौथा नवा वाटतो का? की दुसऱ्या भागाचीच २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन (नव्याने सजवलेली आवृत्ती) घेऊ? तिच्या २०२२ च्या एक्सपान्शनमध्ये (जोड-भागात) खेळायला द्रविडियन, बंगाली, गुर्जरही आलेत. ऑनलाइन खेळताना इकडे पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) कसा मिळतो, तेही सांगा की.