मदत हवी आहे: सामन्याआधीची प्रार्थना

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलगा सरकारी हायस्कूलच्या फुटबॉल संघात आहे. सामन्याआधी प्रशिक्षक सगळ्यांना गुडघ्यावर बसवून येशूची प्रार्थना घेतात. सक्ती नाही म्हणतात, पण बाजूला उभा राहणारा हा एकटाच. मग मुलं विचारतात, 'तुम्ही कोणत्या चर्चला जाता?' परवा म्हणाला, "आई, मीही बसतो आता." फार तुटलं आत.

२००० साली टेक्सासच्याच सांता फे इथल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉल सामन्याआधीची शाळापुरस्कृत प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. तक्रारदार कुटुंबं कॅथलिक आणि मॉर्मन होती, म्हणजे ख्रिस्तीच, तरी त्यांना नावं गुप्त ठेवावी लागली! २०२२ मध्ये मात्र एका प्रशिक्षकाच्या वैयक्तिक प्रार्थनेला न्यायालयाने संरक्षण दिलं.

मुलाचं नाव पुढे न येऊ देता कोणी शाळेशी बोललंय का? आधी प्रशिक्षकांना भेटावं की थेट मुख्याध्यापकांना लिहावं?