प्रतिसाद: नुसतं पळून भागत नाही

वर एका मालवणकर भाऊंनी विचारलंय की फ्लॅग फुटबॉलमध्ये (अमेरिकन फुटबॉलचा प्रकार, समोरच्याला पाडण्याऐवजी कमरेची फीत ओढून अडवायचं) धक्का नाही, पकड नाही, मग जो जोरात पळतो तोच जिंकणार ना? तसं होत नाही.

आमच्या गुहागरच्या किनाऱ्यावर ओहोटीला पोरं खेळतात. सगळी कबड्डीत मुरलेली, त्यामुळे समोरचा आला की हात थेट घोट्याला. इथे फक्त त्याच्या कमरपट्ट्याची फीत ओढायची. नजर त्याच्या कमरेवर हवी. डोळे आणि खांदे हूल देतात, कंबर सहसा देत नाही. गुडघे वाकवून छोट्या पावलांनी जवळ जायचं. झेप घेतलीत की तो निसटलाच! आणि चेंडूवाल्याने फीत हाताने झाकली तर फाऊल, हे पोरांना सारखं सांगावं लागतं.

खरी गंमत डावपेचांत. पाच-पाच जणांच्या खेळात (२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार आहे) चार प्रयत्नांत मध्यरेषा ओलांडायची, मग टचडाउनसाठी (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, नेण्यासाठी) आणखी चार. मध्यरेषेच्या आणि एंड झोनच्या अलीकडे ५ यार्डांत चेंडू घेऊन पळायची मुभा नाही, पासच द्यावा लागतो. नुसता पळणारा तिथेच अडकतो. शिवाय चेंडू ठेवलेल्या रेषेच्या ७ यार्ड मागून सुटलेला बचावपटू थेट क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्यावर) येतो, म्हणजे विचार करायला वेळ कसला!

पास शिकायचा तर सकाळीच. दुपारी वारा सुटला की उंच फेकलेला चेंडू भलतीकडेच जातो.