मालवाहू ई-रिक्षा तापली की करंट सेन्सरचा फॉल्ट – मदत हवी आहे

मंडळी, साताऱ्यात माझं छोटं गॅरेज आहे. एका पाणीवाल्याची ४८ व्होल्टची मालवाहू तीनचाकी आलीय. सकाळी झकास पळते. भरलेले जार घेऊन यवतेश्वरचा घाट चढायला लागली की निम्म्यात थरथरते, मग कंट्रोलर (मोटरला करंट देणारा डबा) फेज करंट सेन्सरचा फॉल्ट दाखवून मोटर बंद करतो. फेज म्हणजे मोटरला जाणाऱ्या यू, व्ही, डब्ल्यू या तीन लाइनी. गार झाली की पुन्हा चालू.

मोटरच्या आतले पोझिशनचे हॉल सेन्सर ठीक आहेत, चाक हाताने फिरवून तिन्ही बघितले. फेजचे नट घट्ट, बॅटरीही चांगली. कंट्रोलरात प्रत्येक फेजच्या बसबारवर (करंट नेणाऱ्या जाड पट्टीवर) वेगळा करंट सेन्सर आहे. ५ व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल अशा तीन वायरी. चावी चालू, ॲक्सिलरेटर सोडलेला, म्हणजे करंट शून्य असताना गार गाडीत तिन्ही सिग्नल २.५० व्होल्टच्या आसपास. घाटातून आल्याआल्या मोजलं तर यू २.५०, व्ही २.५१, डब्ल्यू मात्र २.६८! सेन्सर अँपिअरला १० मिलिव्होल्टचा आहे. म्हणजे काहीच वाहत नसताना कंट्रोलरला १८ अँपिअर दिसतायत.

शोरूमवाले अख्खा कंट्रोलर बदला म्हणतात. या गाडीवर त्या माणसाचं घर चालतं, हप्तेही फिटायचेत. एवढा खर्च त्याच्या गळ्यात घालायला मन धजत नाही. डब्ल्यूचा एकटा सेन्सर बदलून भागेल का?

प्रतिसाद १
दादा, सेन्सर मागवायच्या आधी ग्राउंड बघा. ५ व्होल्टचा पुरवठा पडला असता तर सिग्नल खाली गेला असता, बहुधा तिन्हींचा. तुमचा एकच वर गेलाय. ग्राउंडची पिन सैल असली की तापल्यावर असं होतं: करंट शून्य असताना सिग्नल ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मधोमध असतो, म्हणून सेन्सरचं ग्राउंड शून्याच्या जेवढं वर उचललं जातं, त्याच्या निम्म्याने सिग्नल चढतो. गाडी गरम असतानाच मीटरची काळी प्रोब बोर्डाच्या सिग्नल ग्राउंडला आणि लाल डब्ल्यू सेन्सरच्या ग्राउंड पिनला लावा. ०.३६ व्होल्टच्या (०.१८ च्या दुप्पट) जवळपास आलं तर कनेक्टर किंवा सोल्डर धरा. शून्य आलं तर तापल्यावर सेन्सरचंच रीडिंग सरकतंय, त्याच रेंजचा बदला. दर वेळी घाट चढायला नको, हेअर ड्रायरने तेवढाच भाग तापवा. बसबारला बॅटरीचं व्होल्टेज असतं, अंगठी-कडं काढून ठेवा आणि मागची चाकं उचला.

धागाकर्ता
आभारी आहे, आजच मोजतो. पिन सैल निघाली तर वायर थेट सोल्डर करू का?

प्रतिसाद २
नको. गाडीच्या हादऱ्याने वायर सोल्डरच्या कडेलाच तुटते. नवं टर्मिनल क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने वायरीवर दाबून बसवा.