१२वी सायन्सनंतर ईएमटी व्हायचंय, सहा महिन्यांचा कोर्स आणि '१०८ ला गॅरंटी' म्हणतायत, खरं असतं का हे?

कोयनाकाठची
नमस्कार सगळ्यांना. मी पाटण तालुक्यातली, यंदा बारावी सायन्स झाली, बायो होतं, ५८ टक्के पडले. नीट वगैरे आपल्याला जमणार नाही हे मला आणि घरच्यांना दोघांनाही कळून चुकलंय, त्यावर चर्चा नको प्लीज. मला ॲम्ब्युलन्सवर काम करायचंय, ईएमटी म्हणून. एका इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन आले, तिथं 'डिप्लोमा इन इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन' आहे, सहा महिने, फी ५५ हजार, बाहेर बॅनरवर गव्हर्नमेंट रेकग्नाइज्ड लिहिलंय आणि आतल्या मॅडम म्हणाल्या शंभर टक्के प्लेसमेंट, १०८ ला डायरेक्ट लावतो. पप्पा दूध सोसायटीतून उचल घ्यायला तयार आहेत पण आई म्हणते आधी कुणाला तरी विचार. तर इथं कुणी या लाइनमधलं आहे का? कोर्स खरा का खोटा कसं ओळखायचं आणि पुढं परदेशात वगैरे चालतो का हा?

तिखटमीठ
गॅरंटी शब्द ऐकला की चप्पल घालायची आणि निघायचं. बाकी जाणकार सांगतीलच.

डॉ. गाडीवरचा
मी बीएएमएस, काही वर्षं १०८ वर होतो, आता स्वतःचा दवाखाना आहे. पहिली गोष्ट जी तुला त्या मॅडमनी सांगितलेली दिसत नाही ती म्हणजे आपल्या महाराष्ट्राची १०८ बाकी राज्यांपेक्षा वेगळी आहे. २०१४ ला ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्ट म्हणजे एएलएस आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्ट म्हणजे बीएलएस, आणि आपल्याकडे पद्धत अशी पडली की पेशंटजवळ डॉक्टर बसतो, बहुतेक बीएएमएस नाहीतर बीएचएमएस, त्याला ईएमएसओ म्हणतात, आणि पुढं पायलट. (ड्रायव्हर म्हटलेलं आमच्या पायलट लोकांना आवडायचं नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.) म्हणजे जी खुर्ची गोव्यात, गुजरातेत, कर्नाटकात ईएमटीची असते ती इथं डॉक्टरची आहे. मग सहा महिन्यांचा कोर्स करून तुला 'डायरेक्ट १०८' ला कुठल्या खुर्चीत बसवणार आहेत हे त्यांना विचार की सरळ. १०२ ची गाडी वेगळी, ती गरोदर बायका आणि बाळांची ने-आण करते, तिथं तर बहुतेक वेळा नुसता चालकच असतो.

याचा अर्थ महाराष्ट्रात ईएमटीला कामच नाही असा नाही. मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या कार्डियाक ॲम्ब्युलन्स, एमआयडीसीतल्या कंपन्यांचे मेडिकल रूम, मॅरेथॉन आणि मोठ्या कार्यक्रमांना उभ्या राहणाऱ्या गाड्या, एअरपोर्ट, अशा ठिकाणी घेतात. पण तिथं कागदापेक्षा हात बघतात. सलाईन लावता येतं का, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) नीट धरता येते का, ईसीजीच्या लीड कुठं लावायच्या. ते हात कॅज्युअल्टीत पोस्टिंग केल्याशिवाय येत नाहीत.

आणि अजून एक, सिंबायोसिसचा पीजीडीईएमएस असं नाव कुठंतरी वाचशील तर तो आमच्यासारख्या डॉक्टर झालेल्यांसाठी आहे, बारावीवर नाही, उगाच गोंधळ नको.

रात्रपाळीची सिस्टर
डॉक्टरसाहेबांना अनुमोदन. मी जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढलीत, आता ट्रेनिंगचं बघते, तर कोर्स कसा ओळखायचा ते सांगते.

बघ बाळा, ईएमटीचं केंद्राच्या कौशल्य योजनेतलं जे प्रमाणपत्र असतं ते हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचं असतं. त्याला कोड असतो, क्यूपी म्हणजे क्वालिफिकेशन पॅकचा, एचएसएस/क्यू२३०१ म्हणजे ईएमटी बेसिक आणि २३०२ म्हणजे ॲडव्हान्स. तू त्या इन्स्टिट्यूटला एवढंच विचार की तुमच्या कोर्सचा क्यूपी कोड काय आणि परीक्षा कोण घेणार. खऱ्या कोर्सात परीक्षा घ्यायला बाहेरचा असेसर येतो, शिकवणारेच पास करत नाहीत. मार्कशीटवर नुसतं कुठल्यातरी 'ऑल इंडिया अमुक तमुक कौन्सिल, दिल्ली' चा शिक्का असेल तर तो कागद फ्रेम करून भिंतीला लावायच्या लायकीचा. हाच बेसिक कोर्स पंतप्रधान कौशल्य विकास योजनेतून काही सेंटरवर फुकटसुद्धा झालेला आहे, म्हणून ५५ हजार देण्याआधी जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात जाऊन एकदा विचारच, साताऱ्याला आहे.

आता दुसरं, हे जरा लक्ष देऊन वाच. २०२१ ला केंद्राचा कायदा आला, नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स. त्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे पॅरामेडिक हे पद नाव घेऊन आहे, ट्रॉमा, बर्न आणि ॲनेस्थेशियावाल्यांच्या गटात. आणि त्या कायद्याप्रमाणे अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला डिप्लोमा किंवा डिग्री कमीत कमी २००० तासांची लागते, दोन ते चार वर्षांत केलेली. तुझा सहा महिन्यांचा कोर्स घे, महिन्याला २५ दिवस, रोज ६ तास, एकही सुट्टी नाही असं धरलं तरी ९०० च तास होतात. म्हणजे उद्या नोंदणीचा विषय कडक झाला की हा कागद घेऊन तू दाराबाहेर उभी. स्किल कौन्सिलचा छोटा कोर्ससुद्धा त्यामुळं जोड म्हणून चांगला, मुख्य शिक्षण म्हणून नाही, हे माझं स्पष्ट मत.

आणि जाशील तिथं ऑफिसात बसू नकोस, लॅब दाखवा म्हण. मॅनिकिन किती आहेत बघ. तीस पोरांत एकच बाहुला असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार? सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं) हा मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचा असतो, तीस दाब मग दोन श्वास, आणि दोन मिनिटं नीट दाबलं की घाम फुटतो, ते फळ्यावर शिकून येत नाही. स्पाइन बोर्ड, सर्व्हायकल कॉलर, स्कूप स्ट्रेचर, सक्शन मशीन चालू आहे का प्लगला लावून बघ (खरंच लावून बघ, लाजू नको). आणि कुठल्या हॉस्पिटलात किती दिवस पोस्टिंग आणि त्याचा करार लेखी आहे का ते विचार.

बांदा ते बांबोळी
मी सिंधुदुर्गातलो, गोव्यात १०८ वर ईएमटी. गोव्यात ही सेवा ईएमआरआय चालवते, हैदराबादला २००५ ला सुरू झालेली तीच संस्था. इथं गाडीवर डॉक्टर नसतो, मी आणि पायलट दोघंच, डॉक्टर फोनवर असतो, त्याला ईआरसीपी म्हणतात, म्हणजे छातीत दुखणारा पेशंट घेतला की मी बीपी, शुगर, ऑक्सिजन बघून फोन लावतो, तो विचारतो, मी सांगतो, मग तो औषध सांगतो ते द्यायचं, आणि सगळं पीसीआर म्हणजे पेशंटच्या नोंदीच्या फॉर्मवर वेळेसकट लिहायचं, न लिहिलेलं म्हणजे न केलेलं असं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तुझ्यासाठी महत्त्वाचं म्हणजे मी बीएस्सी झूलॉजी करून लागलो, माझ्या बॅचला जीएनएम होते, बी.फार्म होते, नुसती बारावी कोणी नव्हतं. ट्रेनिंग संस्थेनंच दिलं, खिशातून फी नाही भरली. म्हणून ५५ हजार ऐकून मला जरा हसू आलं, सॉरी. कोणी 'मी १०८ ला लावतो' म्हणून पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नको. भरती असते तेव्हा जाहिरात येते, कागदपत्रं घेऊन जायचं, लेखी आणि मुलाखत होते. गोव्यासाठी कोकणी बोलता यायला हवं, आमचं मालवणी चालून जातं, तुझी सातारी ऐकून म्हापशाची आजी काय करेल सांगता येत नाही 😄

कामाचं म्हणशील तर लोकांना वाटतं सायरन आणि ॲक्सिडेंट. ॲक्सिडेंट आहेतच, रेंटच्या बाईकवरचे टुरिस्ट तर रोजचे, पण त्याहून जास्त म्हणजे दम लागलेले म्हातारे, शुगर उतरलेले, फिट आलेले, पावसाळ्यात साप, आणि डिलिव्हरी. डिलिव्हरी कधीकधी गाडीतच होते, किट असतं, पहिल्या वेळी हात थरथरतात मग सवय होते. आणि पेशंटला शिडीवरून, डोंगरातल्या पायवाटेनं उचलून आणणं हे अर्धं काम आहे, त्याबद्दल कुठल्याच बॅनरवर लिहिलेलं नसतं. पगाराची फार मोठी स्वप्नं बघू नको, सुरुवातीला कमीच असतो, घरापासून लांब राहिलीस तर खोलीभाडं जाऊन हातात थोडंच उरेल.

एडिसनकर
परदेशाचं विचारलंय म्हणून. मी न्यू जर्सीत, नोकरी आयटीत आणि वीकेंडला गावच्या रेस्क्यू स्क्वॉडमध्ये व्हॉलंटियर ईएमटी. इकडं ईएमटी आणि पॅरामेडिक या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. ईएमटीचा कोर्स काही महिन्यांचा, बरेच जण नोकरी सांभाळून संध्याकाळी करतात, मग एनआरईएमटी नावाची परीक्षा, कॉम्प्युटरवर, ७० ते १२० प्रश्न, तुम्ही जशी उत्तरं देता तसे पुढचे प्रश्न बदलतात, आणि सर्टिफिकेट दर २ वर्षांनी रिन्यू. पॅरामेडिकला त्यापुढं आणखी वर्षभर तरी घालावं लागतं. मुद्दा हा की भारतातला ईएमटीचा कागद इथं थेट चालत नाही, इथल्या राज्यानं मान्य केलेला कोर्स करावाच लागतो, आणि फक्त ईएमटी म्हणून व्हिसा मिळणं विसरून जा. गल्फचं थोडं बरं आहे पण तिकडंही डिग्री किंवा मोठा डिप्लोमा, अनुभव, डेटाफ्लो नावाच्या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी आणि तिकडच्या लायसन्सची परीक्षा आलीच. एकाही ठिकाणी सहा महिन्यांचं मला ऐकिवात नाही.

कोयनाकाठची
बापरे, एवढं सगळं लिहिलंत, थँक्यू सगळ्यांना. आज फोन केला त्या इन्स्टिट्यूटला, क्यूपी कोड विचारला तर मॅडम म्हणाल्या सर आल्यावर सांगते, मग सर म्हणाले कोड वगैरे ॲडमिशन झाल्यावर मिळतो 😶 पप्पांना स्पीकरवर ऐकवलं, उचलीचा विषय बंद. आता प्रश्न असा की मग मी नक्की करू काय? बीएस्सी बघू का जीएनएम? आणि दुसरं, मुलींना हे काम झेपतं का, आमच्याकडं सगळे म्हणतात रात्री-बेरात्री गाडीतून कुठं फिरणार आणि वजन कसं उचलणार.

डॉ. गाडीवरचा
तुला खरंच हेच करायचं असेल तर इमर्जन्सी किंवा ट्रॉमाची बीएस्सी बघ, नाहीतर ॲनेस्थेशिया-ओटीची, ज्या मेडिकल कॉलेजला स्वतःची मोठी कॅज्युअल्टी आहे तिथंच. पुणे-बंगळूर हायवेच्या आजूबाजूला जी मेडिकल कॉलेजं आहेत तिथं ट्रॉमा भरपूर येतो, शिकायला मिळतं. कराड तर तुझ्या दारात आहे, जाऊन चौकशी कर.

रात्रपाळीची सिस्टर
मी इथं डॉक्टरांशी थोडी असहमत आहे. बीएस्सी ट्रॉमा करून नोकरीची दारं मोजकीच उघडतात, निदान आज तरी. जीएनएम तीन वर्षांचं, ५८ टक्क्यांवर बसतं, सरकारी कॉलेजात नंबर लागला तर खर्च कमी, आणि स्टाफ नर्सची सरकारी भरती असते. शिवाय बांद्याच्या दादांनी वर लिहिलंच आहे की त्यांच्याकडं जीएनएमवाल्यांना ईएमटी म्हणून घेतात. म्हणजे ॲम्ब्युलन्स आवडली तर ॲम्ब्युलन्स, नाही जमलं तर वॉर्ड आहेच. वर बीएलएस आणि एसीएलएस हे जीव वाचवायचे छोटे कोर्स कर, ती अमेरिकन हार्ट असोसिएशनची सर्टिफिकेटं २ वर्षं चालतात, पण ती शेवटच्या वर्षाला कर, आत्ता केलीस तर नोकरी लागायच्या आत एक्स्पायर होतील.

डॉ. गाडीवरचा
सिस्टर, नोकरीचा हिशोब तुमचा बरोबर आहे, आवडीचा माझा 🙏 तिनं ठरवावं.

बांदा ते बांबोळी
मुलींचं सांगतो. आमच्याकडं मुली आहेत आणि रात्रपाळीही करतात, डिलिव्हरीच्या केसला तर घरच्या बायकांना गाडीतून मुलगी उतरलेली बघून हायसं वाटतं. वजन उचलणं हे ताकदीपेक्षा पद्धतीचं आहे, गुडघ्यात वाकायचं, पाठ सरळ, पेशंट अंगाजवळ, आणि आपल्याला जमणार नसेल तर गर्दीतल्या चार जणांना आवाज द्यायचा, लोक येतात. येत नसतील तर त्यांना सांगायचं की मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत ते आलंय. कंबर मात्र सांभाळ, आमच्यातले निम्मे पट्टा लावून फिरतात.

कोयनाकाठची
जीएनएमकडं कल जास्त होतोय माझा. उद्या साताऱ्याला सिव्हिलच्या नर्सिंग स्कूलला जाऊन येते, दहावी-बारावीचे मार्कशीट, डोमिसाइल, जातीचा दाखला एवढं नेऊ का अजून काही लागेल?

रात्रपाळीची सिस्टर
उद्या नुसती चौकशी असेल तर झेरॉक्स पुरे. नॉन क्रिमीलेअर लागू असेल तर त्याची तारीख तपास, दरवर्षी निम्म्या पोरी त्यातच अडकतात. आणि मेडिकल फिटनेस नंतर मागतील, आत्ता पैसे घालू नको.