मदत हवी आहे : सिंधुदुर्ग किल्ला आणि आईचे गुडघे

डिसेंबरमध्ये माझ्या ७४ वर्षांच्या आईला मालवणचा सिंधुदुर्ग दाखवण्याचा विचार आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या या जलदुर्गातील शिवराजेश्वर मंदिर आणि भर समुद्रात गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी पाहण्याची तिची जुनी इच्छा आहे. तटावर चढण्याचा हट्ट मात्र तिने, सुदैवाने, सोडला आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या एका किल्ल्यावर हलत्या होडीतून शेवाळलेल्या पायरीवर उतरताना तिचा पाय घसरला होता, तेव्हापासून तिने होडीची धास्तीच घेतली आहे. येथे उतरणे भरतीच्या वेळी सोपे जाते की ओहोटीच्या, आणि प्रवेशद्वारापासून मंदिरापर्यंत काठी टेकत चालता येईल का, हे ज्येष्ठांना घेऊन नुकतेच जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.