सेन्सेईंसाठी गाणं कुठलं?

ग्रुप : निशी-कासाई (टोकियो) मराठी मंडळी

चिनूची आई (७०३), रात्री ९.१२
मंडळी, आपल्या जपानीच्या शिक्षिका, सेन्सेई, महिनाअखेरीस ओकायामाला मुलाकडे कायमच्या राहायला चालल्या आहेत. शनिवारी स्टेशनजवळच्या कराओकेत दोन तासांची खोली घेतली आहे. आपण पाच जणांनी त्यांच्यासाठी एक जपानी गाणं म्हणायचं ठरलंय, ते कुठलं हे आज नक्की करू या. माझी एकच विनंती आहे, गाणं दोन सुरांत म्हणू या.

ओवीचा बाबा (३१२), ९.१५
मग कोबुकुरोचं 'साकुरा'! मार्च महिना, निरोपाचा प्रसंग. दोघं गातात, त्यामुळे हार्मनी आयतीच मिळते.

आर्यनची आई (९०१), ९.१६
'सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना' घ्या ना. आर्यनलाही येतं, सेन्सेईंनाही येणारच. २००३पासून इथल्या प्रत्येक शाळेत वाजतंय.

चिनूची आई, ९.२१
वहिनी, मलाही ते फार आवडतं. पण ते मुळात सगळ्यांनी मिळून एका सुरात म्हणायचं गाणं आहे.
मी दोन सुरांचा हट्ट का धरतेय ते सांगते. डिसेंबरच्या पार्टीत आपण गात होतो तेव्हा मी सेन्सेईंच्या शेजारी बसले होते. त्या आपल्या चालीच्या खाली हळूच वेगळंच काहीतरी गुणगुणायला लागल्या. इतकं गोड लागत होतं! दोन ओळी झाल्या आणि थांबल्या. आपण सगळे मोठ्याने एकच चाल म्हणत होतो, त्यांचा सूर ऐकून घ्यायला कुणाला उसंतच नव्हती. त्या कितीतरी वर्षं मामासान कोरसमध्ये, म्हणजे आयांच्या गानवृंदात, गायल्या आहेत. आपल्याला जपानीतले 'ते' आणि 'नि' शिकवताना आपण शंभरदा चुकलो तरी त्यांनी ऐकून घेतलं. एकदा आपण त्यांच्या सुराला जागा करून द्यावी असं मनापासून वाटतं.

ओवीची आई (३१२), ९.२३
हे मला माहीतच नव्हतं गं. नक्की करू या.

हार्मोनियमवाले काका (१००५), ९.३०
चांगला विचार आहे. पण आपल्याला याची सवय नाही हे लक्षात घ्या. आपल्याकडे युगुलगीत म्हणजे एक ओळ त्याची, एक ओळ तिची, आणि शेवटी दोघं एकत्र, तेही बहुतेक एकाच सुरात. एकाच वेळी दोन वेगळ्या चाली धरायच्या हे वेगळं शिक्षण आहे.
'उए ओ मुइते आरुको' घेतलं तर? १९६१चं गाणं, १९६३मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं होतं. मी पेटीवर वाजवून पाहिलं, बरंचसं भूप रागात बसतं. जपानीत अशा स्वररचनेला योनानुकी म्हणतात. यो म्हणजे चौथा, ना म्हणजे सातवा, नुकी म्हणजे वगळलेला. मध्यम आणि निषाद वर्ज्य!

ओवीचा बाबा, ९.३२
वा काका! मग तर आपल्याला सोपं जाईल.

हार्मोनियमवाले काका, ९.३८
मलाही तसंच वाटलं होतं. मग दुसरी ओळ बसवायला घेतली. मूळ चालीच्या खाली तिसरा स्वर धरत जायचं ठरवलं. गंधाराखाली षड्ज, पंचमाखाली गंधार, इथपर्यंत छान. पण चाल धैवतावर गेली की खाली मध्यम येतो, आणि तोच तर वर्ज्य आहे. तो लावला तर भूपाचा रंग जातो, टाळला तर खालच्या ओळीला उडी मारावी लागते. ऋषभाखाली निषाद येतो, म्हणजे पुन्हा तोच पेच. खालची ओळ कुणीतरी नीट बांधलेली हवी, आपण अंदाजाने बसवू नये.

चिनूची आई, ९.४०
काका, म्हणूनच मी चिनूला विचारलं. ती गेल्या वर्षी वर्गाच्या गाश्शो (समूहगान) स्पर्धेत आल्टोची, म्हणजे मुलींच्या खालच्या आवाजाच्या गटाची, पार्ट लीडर होती. तिलाच फोन देते.

चिनूची आई, ९.४९
नमस्कार, मी चिनू. आमच्या शाळेत प्रत्येक वर्ग स्पर्धेत गातो, त्यामुळे इथे सगळ्यांना थोडं हामोरु, म्हणजे चालीला दुसरा सूर जोडून गाणं, करता येतं. खालच्या ओळीला शिताहामो म्हणतात, वरच्या ओळीला उएहामो.
सगळ्यात कठीण म्हणजे त्सुरारेरु. आपण आपली ओळ म्हणत असतो आणि शेजारच्याची चाल आपल्याला ओढून नेते. सुरुवातीला मीही रोज ओढली जायचे. आमच्या शाळेतल्या सेन्सेईंनी सांगितलं होतं की आल्टोची ओळ म्हणजे चालीची सावली नाही, ते वेगळं गाणं आहे असं समजून आधी एकटीने पाठ करायचं. मग दोन गट खोलीच्या दोन कोपऱ्यांत म्हणतात आणि रोज थोडं थोडं जवळ येतात.
काका, 'साकुरा' नको. दोघांचेही आवाज खूप वर जातात.

ओवीचा बाबा, ९.५१
अगं, मशीनवर पट्टी खाली करता येते की. चार बटणं दाबली की झालं.

चिनूची आई, ९.५३
चिनूच लिहितेय. वरची ओळ बसेल काका, पण खालचीही तेवढीच खाली जाईल. मग आईला आणि काकूंना ती ऐकू येईल अशी म्हणताच येणार नाही.

ओवीचा बाबा, ९.५४
हे खरंच लक्षात आलं नव्हतं. 'साकुरा' मागे घेतो.

आर्यनची आई, ९.५८
किरोरोचं 'मिराइ ए'? ओकिनावाच्या दोन मुली, १९९८. संथ आहे, शब्द स्पष्ट आहेत, आईला उद्देशून आहे. मला ऐकतानाच भरून येतं.

ओवीची आई, १०.०१
हो, आणि सेन्सेई आपल्याला इथे आईसारख्याच. माझं मत याला.

हार्मोनियमवाले काका, १०.०४
गाणं उत्तमच. पण एक सांगू? ते आपण त्यांना ऐकवू. त्या समोर बसतील, ऐकतील, डोळे पुसतील. चिनूच्या आईला त्या आपल्यात गायला हव्या आहेत. तर असं गाणं हवं, ज्याची खालची ओळ त्यांना आधीपासून येते.

चिनूची आई, १०.०६
काका, हेच! मला नीट मांडता येत नव्हतं. आपल्याला कुठली चाल येते यापेक्षा त्यांना कुठली खालची ओळ येते ते बघू या.
चिनू म्हणतेय, 'त्सुबासा ओ कुदासाई'. 'पंख द्या.' आकाई तोरी नावाच्या गटाने १९७१मध्ये काढलं, एका अंगाईगीताच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. मग शाळेच्या पुस्तकांत आलं आणि आजही मुलं दोन-तीन आवाजांत म्हणतात.

ओवीची आई, १०.१९
अगं ऐका! आत्ता कचरा टाकायला खाली गेले होते, लिफ्टमध्ये सेन्सेईच भेटल्या. मी सहज विचारलं, कोरसमध्ये तुमचा आवाज कुठला होता? म्हणाल्या, "आल्टो. झूत्तो आल्टो." कायम आल्टोच. आणि हसल्या. मी 'त्सुबासा'चं नाव काढलं नाही, पण लिफ्टमधून उतरताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या.

आर्यनची आई, १०.२०
ठरलं. 'त्सुबासा'च. आर्यनला मी समजावते.

चिनूची आई, १०.३१
मग वाटणी अशी. कडवी सगळ्यांनी एका सुरात, साबीला (ध्रुवपदाला) दोन वाटा. वरची ओळ ओवीची आई आणि आर्यनची आई. खालची मी, काका आणि ओवीचा बाबा. पुरुषांनी मुख्य चाल आपल्या सप्तकात म्हटली तर ती आमच्या खालच्या ओळीच्याही खाली जाते आणि सगळं गढूळ होतं, म्हणून दोघंही इकडे.
खालच्या ओळीला तीन जण मुद्दाम ठेवलेत. वरची चाल सगळ्यांच्या कानात असतेच, खालचीला आधार लागतो.
खोलीत माइक दोन असतात. एक वरच्यांना, एक आम्हाला. दुसऱ्या साबीच्या आधी मी आमचा माइक सेन्सेईंच्या हातात देईन. आपण मात्र खालची ओळ सोडायची नाही, त्यांच्या मागे हळू म्हणत राहायची.

हार्मोनियमवाले काका, १०.३५
मशीनचे गुण बंद ठेवा. ते फक्त मुख्य चाल मोजतं, खालची ओळ कितीही सुरेल लागली तरी चूकच धरेल. मशीन मदतीला वाजवतं ती गाइडची चालही अगदी बारीक करा, नाहीतर तीच आपल्याला ओढून नेईल. आणि एको कमी. एको जास्त असला की आपला सूर कुठे आहे ते आपल्यालाच कळत नाही.

आर्यनची आई, १०.३७
मला स्क्रीनवरचं इतक्या वेगाने वाचता येत नाही. कुणी देवनागरीत लिहून देईल का?

चिनूची आई, १०.४०
देते वहिनी. 'त्सु'ला एकच मात्रा आहे, त सु असं तोडून म्हणू नका, नाहीतर पुढचा सूर चुकतो. दीर्घ स्वर जिथे ओढायचे तिथे खूण करून ठेवते.
उद्या ८ वाजता आमच्याकडे. वरचे स्वयंपाकघरात, खालचे बाल्कनीजवळ. काका, पेटी आणाल?

हार्मोनियमवाले काका, १०.४१
आणतो. पट्टी तिथेच ठरवू.

चिनूची आई, १०.५२
(व्हॉइस मेसेज, ०:४८) चिनूने म्हटलेली खालची ओळ. वरची मुद्दाम म्हटलेली नाही. झोपायच्या आधी चार वेळा ऐका.

ओवीचा बाबा, ११.२०
सहा वेळा ऐकली. एकटा म्हणतो तेव्हा येते. हिने शेजारून वरची सुरू केली की तिसऱ्या ओळीला मी तिच्याकडे ओढला जातो. काका, उद्या मी तुमच्या बाजूला उभा राहीन.